तसबिरीवरचा पडदा

बेर्योझोव्का
२० ऑक्टोबर १९९८

लाडक्या झिना,

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट मोडलं. चर्चच्या मागच्या पायरीवर पाण्याची बादली घेऊन घसरले आणि स्वतःला सोडून बादलीला सांभाळायला गेले. बादली शाबूत आहे. काराकोलच्या डॉक्टरने हात प्लास्टरमध्ये घातला आणि म्हणाला, आजी, आता नाताळपर्यंत आराम करा. आजी म्हणे! त्याच्या डोक्यावर माझ्या निम्मेसुद्धा केस नाहीत.

हाताचं मला काही नाही गं. दुखतंय ते दुसरीकडेच, आणि ते तुला नाही तर कोणाला सांगू? इथे एकीला सांगितलं तर दुपारच्या आत गावभर होईल.

वेदीचे पाव आता रायसा भाजते.

रायसा म्हणजे फादर वेनियामिननी उन्हाळ्यात आणलेली बाई. चर्चच्या फाटकाजवळच्या खोलीत राहते, अंगण झाडते, घंटा वाजवते. पंचेचाळिशीची असेल, पुढचे दोन दात नाहीत. तुरुंगातून सुटून आलीय. कशासाठी गेली होती हे फादरनी लपवलं नाही आणि तिनेही नाही. दारू प्यायची. एका हिवाळ्यात पिऊन तर्र होऊन आतून कडी घालून पडली, आणि तिची आई बाहेर बर्फात दार वाजवत राहिली. म्हातारी उंबऱ्यावरच गेली. आणि तीच बाई आता आपल्या आईच्या परातीत कणीक मळते!

आई गेल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. ताप असो, बर्फ असो, माझ्या हातच्या पावाशिवाय इथे एक रविवार गेला नाही. आता फादर म्हणाले, "ग्लाफिरा स्तेपानोव्हना, हात बरा होईपर्यंतच हो." आणि लगेच ठसा मागितला. आईचा, नासपतीच्या लाकडाचा, पावावर क्रूस उमटवायचा तो. मी रुमालात गुंडाळून नेऊन दिला. रायसाने दोन्ही हात एप्रनला पुसले, ठसा घेतला आणि कपाळाला लावला. मला वाटलं, तसाच हिसकावून घरी यावं.

तुझ्याशी काय खोटं बोलायचं, जळते मी. आई म्हणायची ना, तो बघतोय, नीट वागा. साठ वर्षं त्याच्या नजरेखाली नीट वागले. दुधात पाणी घातलं नाही, उपवासात सायीचं बोट चाटलं नाही, कोणाबद्दल वाईट बोलले नाही. एवढं सगळं बघून त्याने निवडलं कोणाला, तर हिला!

पत्र मिनीबसवाल्या एर्किनकडे देतेय, सोबत जर्दाळूच्या मुरांब्याची बरणी आहे. बरणी परत पाठव.

तुझी
ग्लाशा


बिश्केक
३ नोव्हेंबर

ताई,

"कोणाबद्दल वाईट बोलले नाही" इथे पोचले आणि चहा सांडला. पत्रावर डाग पडलाय, तो माझ्या हसण्याचा समज.

हाताला जप. डॉक्टर आजी म्हणाला तर म्हणू दे, त्याच्या हातात प्लास्टर होतं, तू उगाच भांडू नकोस. डाव्या हाताने इतकं लांब पत्र लिहिलंस म्हणजे राग खरा आहे हे कळलं. मुरांबा संपत आला. माझं बरं चाललंय. गिरणी बंदच आहे, पण माझं काय, एकटीला लागतं किती?

ती रायसा कशी आहे गं? म्हणजे लोक तिच्याशी बोलतात का? चहाला बोलावतं का कोणी? चर्चमध्ये ती पुढे उभी राहते की दाराशी? आणि पहिल्या दिवशी आली तेव्हा सरळ आत शिरली, की अंगणात घुटमळली? मला उगाच उत्सुकता.

आणखी एक. एर्किनच्या बसमध्ये ट्रंक चालते का? एका मैत्रिणीसाठी विचारतेय.

बरणी धुऊन पाठवतेय.

झिना


बेर्योझोव्का
२४ नोव्हेंबर

झिना,

कमाल आहे तुझी. मनगट माझं मोडलं आणि विचारपूस रायसाची! चहाला कोण बोलावतं म्हणे. सगळे बोलावतात. आधी कोणी उभं करत नव्हतं, आता तिच्या पावांची चव कळल्यापासून रांग लागलीय. पहिल्या दिवशी अंगणातच उभी होती, पार उपासना संपेपर्यंत, पावसात भिजत. फादरनी हाताला धरून आत आणली. अजून दाराशीच उभी राहते. साळसूदपणा म्हणतात याला.

प्लास्टर निघालं. मी त्याच दिवशी एप्रन बांधून चर्चच्या स्वयंपाकघरात हजर. फादर वेनियामिन दाढी कुरवाळत म्हणाले, "बोटं अजून सुजलीत की. नाताळपर्यंत तिलाच करू द्या. आणि खरं सांगू, ग्लाफिरा स्तेपानोव्हना, या कामाने ती सावरतेय." तिला सावरायला माझं काम हवं! दुसरं काही नव्हतं का, घंटा आहे की.

आणि पाव कसे करते विचारशील तर ऐक. तुला माहीतच आहे, खालचा गोळा आणि वरचा गोळा, वरच्यावर ठसा. माझा वरचा गोळा भट्टीत थोडा कलतो, आईचाही कलायचा. हिचे एकजात सरळ. जणू शिपायांची पलटण. परवा खिडकीत गार करायला ठेवले होते तर शेजारची बुबुसारा कुंपणावरून बघत राहिली. मी म्हटलं, "काय बघतेस?"

"तुझे पाव वाकून सलाम करायचे गं, ग्लाशा. हिचे ताठ उभे राहतात."

"म्हणजे माझे वाकडे!"

"अगं बाई, नम्र म्हटलं मी, नम्र!" आणि ओढणीत तोंड लपवून खो खो हसली. तिचा धर्म वेगळा, चर्च कशाशी खातात तिला माहीत नाही, तरी तिला कळलं कोणाचे चांगले आहेत. त्या दिवशी मी जेवले नाही.

स्वयंपाकघराची एक किल्ली अजून माझ्याकडे आहे. ती कोणी मागितली नाही, आणि मी देणारही नाही. तिथल्या भिंतीवर आपल्या घरून नेलेली ख्रिस्ताची ती जुनी तसबीर आहे ना, आणि तिच्यावर आईने शिवलेला निळा पडदा, तोही माझाच आहे.

ट्रंकेचं मला काय विचारतेस? एर्किन तुमच्याच शहरातून निघतो, मैत्रिणीला म्हणावं त्यालाच विचार.

ग्लाशा


बिश्केक
६ डिसेंबर

ताई,

रागावू नकोस. तू माझी मोठी बहीण, तुझी बाजू मी नाही घेणार तर कोण? पाव कलले तरी चव तीच असते. आईचे कललेलेच मला आवडायचे.

एकच विचारते, मग रायसाचं नाव काढणार नाही. तिला कोणी तोंडावर म्हणालं का, की तुझ्या आईचं जे झालं त्याची देवाने क्षमा केली? आणि म्हणालं असेल तर तिचा विश्वास बसला का? असं म्हणणं सोपं असतं गं. तुझं कार्डही दरवर्षी क्षमेच्या रविवारी न चुकता येतं. "देव क्षमा करील, मीही क्षमा करते." मी ती सगळी कपाटाला लावून ठेवलीत. कधी कधी वाटतं, तुझ्या क्षमेला तारीख असते. त्या रविवारी येते आणि सोमवारी परत जाते.

जाऊ दे. थंडी फार आहे, खोलीत काचा तडकल्यात. हातमोजे विणतेय तुझ्यासाठी, मनगट झाकेल असे लांब.

झिना


बेर्योझोव्का
२१ डिसेंबर

लाडक्या झिना,

हातमोजे मिळाले. मापाचे आहेत. तुझं मागचं पत्र मला कळलं नाही, आणि कार्डांबद्दल जे लिहिलंस ते मी वाचलंच नाही असं समजते, कारण आज मी खुशीत आहे.

संत निकोलसचा सण झाला. आपल्या चर्चचाच सण, काराकोलहून दोन गाड्या भरून माणसं आली, गायकवृंद आला, वरिष्ठ पाद्रीसुद्धा आले. आणि आदल्या दिवशी काय व्हावं? रायसाची कणीक फुगलीच नाही! सकाळी मळून ठेवली ती संध्याकाळपर्यंत परातीत चिखलासारखी पडून. बाई भट्टीपुढे बसून राहिली, ना रडली ना बोलली. फादर वेनियामिन पांढरेफटक. वेदीवर पाव नाही तर उपासना कसली? काराकोलला फोन लावायला धावले, तर लाइन बंद.

तेवढ्यात मी टोपली घेऊन दारात उभी. आजीचा तो जुना चिरलेला ठसा आठवतो? ट्रंकेतून तोच काढला होता. पाव अजून कोमट होते. फादरच्या डोळ्यांत पाणी आलं गं. "देवाने तुम्हाला पाठवलं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी बायकांनी मला मध्ये घेतलं, वरिष्ठ पाद्र्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पाव थोडे कलले होते, पण कोणी एक शब्द बोललं नाही.

रायसाबद्दल मी काहीच म्हटलं नाही. लोकच म्हणाले, प्यायली असणार, त्याशिवाय इतके दिवस फुगणारी कणीक एकाएकी कशी बसेल? तिने कानावर हात ठेवले नाहीत, शपथ घेतली नाही. चर्चची समिती बसली. म्हणाले, वेदीच्या कामात दारू म्हणजे अतीच झालं, खोली खाली कर. फादर म्हणाले, या थंडीत कुठे जाईल, ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासापर्यंत राहू दे. तेव्हा फेब्रुवारीत क्षमेचा रविवार झाला की सोमवारी ती जाणार. काम परत माझ्याकडे आलंय. ठसाही.

बघितलंस ना? तो बघत असतो, आणि शेवटी ज्याचं त्याला देतो.

स्वयंपाकघरातला निळा पडदा धुवायला घरी आणलाय. पिठाची बोटं उमटली होती त्यावर. त्या बाईला पडदासुद्धा धड हाताळता येत नाही.

तुझी
ग्लाशा


बिश्केक
३ जानेवारी १९९९

ताई,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. चुकून काही वाचतेय का बघायला.

मीही आईच्याच हाताखाली वाढले. वेदीच्या पावाची कणीक मळायची, फुगू द्यायची, परत मळायची, गोळे करायचे, ते फुगू द्यायचे, ठसा मारायचा, टोचायचे, भाजायचे. दिवस जातो. रायसाची कणीक बसली हे संध्याकाळी कळलं, आणि तू संध्याकाळी कोमट पाव घेऊन दारात उभी होतीस. मग सकाळी तू कोणासाठी मळत होतीस?

आणि पडदा कोण ओढतं ताई? त्या पडद्याला आजवर तुझ्याशिवाय कोणी हात लावलेला मला माहीत नाही. लहानपणी डब्यातले साखरेचे खडे काढायच्या आधी तू स्टुलावर चढून तसबिरीवर पडदा ओढायचीस, आठवतं? मला दाराशी राखण करायला लावायचीस. आईला डबा उघडावा लागायचा नाही. घरात आली की ती आधी पडद्याकडे बघायची. ओढलेला दिसला की म्हणायची, "ग्लाशा, इकडे ये."

काय केलंस तिच्या कणकेचं?

मी रायसाबद्दल का विचारत होते ते आता सांगते, लपवून काय करू. माझी खोली मार्चमध्ये जातेय. गिरणीची इमारत विकली. मैत्रीण वगैरे कोणी नाही, ट्रंक माझीच आहे, खरं तर दोन आहेत. वाटलं होतं, बेर्योझोव्काला जाऊ, आईच्या घरात, तुझ्याकडे. पण मी ती आहे जी आईच्या आजारपणात आली नाही आणि मातीलाही आली नाही. वालेरीला आवडणार नाही म्हणून आले नाही. तो वालेरीही नंतर निघून गेला. अशा बाईला तुमच्याकडे आत घेतात का, की अंगणात भिजत ठेवतात, हे मला रायसावरून बघायचं होतं. तुझ्या प्रत्येक पत्रातून बघत होते.

बघितलं.

झिना


बेर्योझोव्का
१४ जानेवारी

झिना,

असलं पत्र मला पुन्हा लिहू नकोस. शहरात राहून तुझं डोकं बिघडलंय. मी सकाळी मळत होते कारण सणाला जास्तीचे पाव लागतात. पडदा पडदा काय लावलंयस? जुनं कापड, कोणाचाही हात लागतो.

रायसाला मी घालवत नाहीये. समिती घालवतेय. तिचं कुठे कोणी नाही याला मी काय करू?

नाताळला मी प्रभुभोजन घेतलं नाही. घसा दुखत होता.

तुझ्या खोलीचं वाचलं. बघू.

ग्लाशा


बेर्योझोव्का
२३ फेब्रुवारी

झिना,

तू उत्तर पाठवलं नाहीस. एर्किन दर वेळी रिकामे हात दाखवायचा आणि मी त्याच्यावरच चिडायचे, बिचारा गाडीतून उतरेनासा झाला. या वर्षी तुला कार्ड पाठवलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्याऐवजी हे पत्र. लांब होईल, बसून वाच.

मीच केलं. सणाच्या आदल्या दिवशी पहाटेची प्रार्थना चालली होती, रायसा दाराशी उभी होती, आणि मी मागच्या दाराने किल्लीने स्वयंपाकघर उघडलं. तिचं खमीर भट्टीजवळ मडक्यात ठेवलेलं, वर फडकं. घरून माझी कणीक मळून आले होते, हात पिठाचे होते. आधी पडदा ओढला. मग किटलीतलं उकळतं पाणी मडक्यात ओतलं, ढवळलं आणि फडकं होतं तसं घातलं. सगळं मेलं. तू म्हणशील, लाज नाही वाटली? वाटली. म्हणून तर पडदा ओढला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी पाव मीच केले, आणि खरं सांगते, एकही घास मला गोड लागला नाही. पडदा धुऊन इस्त्री करून ठेवला होता, पण तो परत टांगायचं धाडस होईना. उघड्या तसबिरीपुढे मळायची आणि मान वर करायची नाही. फादरनी दोनदा विचारलं, कबुलीला केव्हा येताय? एकदा कंबर सांगितली, एकदा सर्दी.

परवा क्षमेचा रविवार. लोणी-सायीची धिरडी खाऊन सगळे संध्याकाळच्या प्रार्थनेला आले. तुला ती रांग आठवत असेल. पहिला भिंतीला लागून उभा राहतो, दुसरा त्याच्यापुढे वाकतो, क्षमा मागतो, क्षमा करतो आणि त्याच्या शेजारी उभा राहतो, मग तिसरा. रांग चर्चभर फिरते, कोणी कोणाला चुकवू शकत नाही. मी तरी हिशेब केला होता. रायसा नेहमी दाराशी असते, शेवटून येईल, तोवर गर्दीत उरकेल.

ती शेवटून आली आणि एकेकापुढे जमिनीला डोकं टेकत आली. बाकीचे कमरेत वाकतात, गुडघे कोणाचे धड आहेत? ही प्रत्येकापुढे पूर्ण. काही बायका तिच्याकडे न बघताच पुटपुटत होत्या, देव क्षमा करील, देव क्षमा करील. खोलीबाहेर तिचं बोचकं बांधून ठेवलेलं मी येताना पाहिलं होतं. माझ्यापुढे आली. टेकली. उठली आणि म्हणाली, "ग्लाशामावशी, मला क्षमा करा."

मला फक्त म्हणायचं होतं, देव क्षमा करील, मीही करते. तुला दरवर्षी लिहायचे तेच. जन्मभर म्हटलेलं वाक्य, तोंडातून फुटेना. हिला मी कशाची क्षमा करू? मी हळूच विचारलं, "तुला माहीत आहे?"

ती म्हणाली, "कणीक बसल्यावर उकडलेलं खमीर कळत नाही का हो? सकाळी मडकंसुद्धा गरम होतं, मला वाटलं भट्टीने."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार होतं? आणि मावशी, तुरुंगात मला सारखं वाटायचं, देव बघतोय म्हणजे आणखी एक पहारेकरी. या वेळी पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान त्याने तरी पाहिलं."

झिना, मी साठ वर्षं ज्या नजरेला घाबरून पडदे ओढले, ती नजर हिने उशाला घेतली होती.

मला तिची दया आली असेल असं तुला वाटेल. नाही. जळलेच मी! म्हटलं, हेसुद्धा हिच्याकडेच? माझा पाव हिने घेतला, फादर घेतले, आता देवसुद्धा माझ्यापेक्षा हिच्या ओळखीचा निघाला! त्या जळफळाटातच तोंड उघडलं गेलं. चांगुलपणाने नाही, तू तसं कोणाला सांगू नकोस.

मोठ्याने म्हटलं, "रायसा प्यायली नव्हती. तिच्या खमिरात उकळतं पाणी मी ओतलं."

फादर हात जोडलेले तसेच उभे. तेवढ्यात रांगेच्या टोकाहून बहिरे त्रोफीमआजोबा कानाला हात लावून ओरडले, "काय म्हणाली? काय ओतलं?"

कोणी त्यांना सांगेना. मग मलाच सांगावं लागलं, आणखी मोठ्याने, गळ्याच्या शिरा ताणून. "पाणी, आजोबा! उकळतं पाणी! मी ओतलं, हिचा मत्सर वाटला म्हणून!" पहिल्यांदा सांगताना मी तिच्याकडे बघत होते. दुसऱ्यांदा सगळ्यांकडे बघून सांगावं लागलं. आजोबा म्हणाले, "अस्सं," आणि खाली बसले.

मी रायसापुढे टेकले. उठता येईना, तर तिनेच हात धरून उठवलं, मोडका होता तो सोडून दुसरा. "देव क्षमा करील, मीही करते," म्हणाली. इतकी सहज म्हणाली की मला परत राग आला. आधी थोडी भांडली असती तर काय बिघडलं असतं?

तर आता असं आहे. रायसाचं बोचकं सुटलं, समितीचे लोक स्वतः जाऊन सांगून आले. ठसा तिच्याकडे, किल्लीही. फादरनी मला उपवासभर स्वयंपाकघर बंद केलंय. रविवारी दाराशी उभं राहायचं आणि तिने भाजलेलं खायचं. तिघी-चौघी माझ्याशी बोलत नाहीत. बुबुसाराला कुंपणावरून सगळं कळलं. ती आली, चहा प्यायली, आणि जाताना म्हणाली, "तुमचा देव बघत होता तर त्याने किटली का नाही गं धरली?" तुला उत्तर आलं तर कळव.

निळा पडदा मी टांगला नाही. रायसाला दिला, कणकेवर झाकायला.

आता तुझं.

ती कार्डं काढून टाक. त्यातलं एकही खरं नव्हतं. तू आली नाहीस म्हणून मी रागावले असं तुला वाटतं. तसं असतं तर सोपं होतं. आईच्या शेवटच्या आठवड्यात मी पलंगाशी बसून होते. पाणी मी पाजत होते, कूस मी बदलत होते, आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर दाराकडे. जरा खुट्ट झालं की विचारायची, "झिना आली का?" मी म्हणायचे, "मी आहे ना, आई." ती म्हणायची, "तू आहेसच गं," आणि परत दाराकडे. ते तुला इतकी वर्षं सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून नाही. तुला बरं वाटेल म्हणून.

ती तुझ्यावर रागावली नव्हती, झिना. एकदाही नाही. हे माझ्याजवळ होतं आणि मी देत नव्हते.

तुझा मत्सर मला अजून वाटतो. तू येऊन पोचलीस तरी वाटेल, मी आधीच सांगून ठेवते. पोरवयात तुझे केस लांब होते तेव्हापासून वाटतो. तू मला सहन करायचं, मी तुला. क्षमा केली असं आज लिहीत नाही. तू समोर उभी राहिलीस की म्हणून बघेन, जमतंय का.

एर्किनला विचारलं. दोन्ही ट्रंका टपावर बांधून आणतो म्हणाला. आईच्या पलंगावर गादी उन्हात घालून टाकलीय. अंगणात घुटमळू नकोस, भिजशील, आणि मला पायऱ्या उतरवत नाहीत.

बस संध्याकाळी येते. कडी मी लावत नाही. हल्ली पलंगाशी खुर्ची ओढून दाराकडे तोंड करूनच बसते, आईसारखी.

ग्लाशा